दाखवायचे ताट, खायचे ताट

गेल्या महिन्यातली गोष्ट. घरातल्या एका वाढदिवसाच्या निमित्ताने आम्ही सात जण हॉटेलात जेवायला गेलो होतो. सर्वांत ज्येष्ठ माझी आई, वय वर्षे ८२; सर्वांत धाकटा माझा भाचा, वय वर्षे १७. रविवारची गर्दी होती. पाऊण तास बाहेरच्या बाकड्यावर काढल्यावर टेबल मिळाले आणि त्यानंतर वीस मिनिटांनी थाळ्या आल्या. आईला मधुमेह आहे, वेळेवर खावे लागते. वरणभात कालवायला तिने हात पुढे केला, तोच भाचा ओरडला, ‘‘आजी, थांब! हात नको लावूस. दोन मिनिटं!’’

आईचा हात जागच्या जागी थांबला. भाचा खुर्ची मागे सारून उभा राहिला. त्याने पाण्याचे पेले हलवले, आईची औषधाची डबी बाजूला सरकवली, सोलकढीची वाटी पुढे आणली. मग वरून एक, बाजूने एक, जरा जवळून एक असे पाच-सहा फोटो काढले. आई हे सारे शांतपणे पाहत होती. त्याचे आटोपल्यावर तिने हात जोडले आणि विचारले, ‘‘झाला का रे नैवेद्य दाखवून? कुठल्या देवाला दाखवलास?’’

आम्ही सगळे हसलो. भाचाही हसला, पण तो गप्प बसणाऱ्यांतला नाही. ‘‘आजी, हे हॉटेल आपल्याला सापडलं कसं? कुणीतरी टाकलेल्या फोटोवरूनच ना? मग आपणही नको का टाकायला?’’ यावर उत्तर कुणाजवळच नव्हते. वरणभात तोवर कोमट झाला होता. मात्र आईचा प्रश्न आणि भाच्याचे उत्तर, दोन्ही माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

दाखवणे म्हणजे काय?

मराठीत पदार्थ ‘दाखवण्या’चे दोन प्रकार आहेत. पहिला नैवेद्य दाखवण्याचा. पाण्याने चौकोनी मंडल करायचे, त्यावर पान ठेवायचे, वर तुळशीचे पान ठेवून डोळे मिटायचे. त्याआधी घरात कुणी चव घ्यायची नाही. मुलांनी कितीही भुणभुण लावली तरी नाही. पण देवाला दाखवलेले ते अन्न नंतर प्रसाद म्हणून सर्वांना मिळते. पाहुण्याला मिळते, शेजाऱ्याला मिळते, दारात आलेल्यालाही मिळते. दाखवणे ही तिथे वाटण्याची पहिली पायरी असते.

दुसरा प्रकार ‘दाखवून खाण्या’चा. लहानपणी चिक्कीचा तुकडा हातात धरून दुसऱ्या मुलासमोर आपण तो चघळत उभे राहिलो की आई दटावायची, ‘‘दाखवून खाऊ नये. द्यायचं असेल तर दे, नाहीतर आत येऊन खा.’’ चाळीत आणि वाड्यात हा नियम मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही लागू होता. वास शेजारी गेला की पाठोपाठ वाटीही गेली पाहिजे, असा शिरस्ता होता. आणि ती वाटी रिकामी परत करायची नाही, हा त्याचा उत्तरार्ध. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालून ती परत यायची.

हॉटेलातल्या पदार्थाचा फोटो आज आपण शेकडो लोकांना पाठवतो. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर, शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटावर, फेसबुकवरच्या खवय्यांच्या मेळाव्यात, इन्स्टाग्रामवर. माझ्या मते या सगळ्या उद्योगाला एकच प्रश्न विचारायला हवा. हा नैवेद्य आहे, की दाखवून खाणे आहे? पाठवलेल्या वाटीत काही आहे, की ती रिकामीच आली आहे?

डोळ्यांनी जेवण्याची जुनी सवय

एक गोष्ट आधी मान्य करू. अन्न डोळ्यांनी जेवायचे असते, हे काही मोबाइलने शिकवलेले नाही. आपल्या पानाची डावी-उजवी बाजू आठवा. डावीकडे वर मीठ, लिंबू, मग चटण्या आणि कोशिंबिरी. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मधे भाताची मूद, त्यावर पिवळे वरण आणि तुपाची धार. पंगतीत पानाभोवती रांगोळी असे. हिरवे केळीचे पान, पांढरा भात, लाल चटणी, पिवळी बटाट्याची भाजी. ही रंगसंगती कुणा छायाचित्रकाराने सुचवली नव्हती. ताट ‘वाढता’ येणे आणि ताट ‘भरणे’ यांतला फरक आपल्या आज्या-पणज्यांना नेमका ठाऊक होता.

बाहेरच्या जगातही तेच. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या हार्लेम शहरात पीटर क्लास आणि विलेम हेडा हे चित्रकार जेवणाची टेबले रंगवीत. अर्धवट सोललेले लिंबू, पाव, मासा, कलंडलेला पेला. ती चित्रे विकत घेऊन लोक घरात टांगत. म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावरचे जेवण भिंतीवर लावण्याची हौस चारशे वर्षांची तरी आहे. जपानमध्ये तर हॉटेलाच्या दर्शनी काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडतात. आधी त्या मेणाच्या असत, आता प्लास्टिकच्या असतात. ताकिझो इवासाकी यांनी १९३२ मध्ये ओसाकात हा धंदा सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. जपानी वाचता न येणारा प्रवासीही काचेकडे बोट दाखवून जेवण मागवू शकतो. दाखवण्याचा उपयोग तिथे अगदी रोखठोक आहे. ‘आत गेल्यावर तुला हे मिळेल,’ एवढेच तो नमुना सांगतो.

आपल्याकडे मात्र हॉटेलातल्या पदार्थाची कीर्ती शब्दांनीच पसरत असे. अमक्या ठिकाणची मिसळ, तमक्या इराण्याकडचा ब्रुन मस्का, हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेले असायचे. पु. ल. देशपांड्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख वाचून भूक लागली नाही असा मराठी माणूस विरळा, आणि तो सारा शब्दांचाच स्वयंपाक आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. त्यात कमलाबाईंची सारी भिस्त होती वाटी-चमच्याच्या मापावर. तेवढ्यावर दोन-तीन पिढ्यांनी संसार केले. पदार्थ झाल्यावर तो कसा दिसायला हवा, हे ज्याचे त्याने मनात ठरवायचे.

रोलमधला छत्तिसावा फोटो

याचे साधे कारण असे की, फोटो महाग होता. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल घालायचा आणि तो लग्न, मुंज, महाबळेश्वरची सहल असे करत महिनोन् महिने पुरवायचा. त्यातला एक फोटो बटाटेवड्यावर खर्च करणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढले असते. तुमच्या घरचे १९९० च्या दशकातले अल्बम काढून पाहा. हॉटेलातला एखादा फोटो सापडला तर त्यात माणसे दिसतील. एकमेकांना खेटून बसलेली, डोळे मिटलेली, हसणारी. पुढ्यात काय होते ते ओळखूही येणार नाही. आजच्या फोटोत पदार्थ स्वच्छ दिसतो आणि माणूस चौकटीबाहेर असतो. तीस वर्षांत एवढी एक अदलाबदल झाली आहे.

ती कशी झाली, हे थोडक्यात पाहू. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये कॅमेरा असलेला आणि काढलेला फोटो लगेच पाठवता येणारा मोबाइल विक्रीला आला. भारतात २००८ मध्ये दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा या दोन नोकरदार तरुणांनी हॉटेलांची मेनूकार्डे स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना त्या कार्डांसाठी ताटकळावे लागते, एवढीच मूळ अडचण होती. त्यांच्या ‘फूडीबे’चे पुढे ‘झोमॅटो’ झाले. ६ ऑक्टोबर २०१० रोजी इन्स्टाग्राम सुरू झाले. रोलचा खर्च गेला, धुऊन आणण्याचा खर्च गेला, टपालाचा खर्च गेला. फुकट झालेली गोष्ट माणूस जपून वापरत नाही. फोटोचे तसेच झाले.

वाटीत काय आले?

पण फुकट मिळालेल्या या गोष्टीने पुष्कळ काही दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परगावी उतरलेल्या माणसाला पूर्वी रिक्षावाल्याच्या भरवशावर जेवावे लागे. आज तो मेनूचा फोटो पाहून खिशातल्या पैशांचा हिशेब आधीच करतो. ज्यांना हॉटेलात पाऊल टाकताना संकोच वाटायचा त्यांना हे मोठे बळ आहे. आत गेल्यावर काय मागवायचे, ते कसे दिसते, केवढ्याला पडते, हे माहीत असले की माणूस ताठ मानेने आत जातो. शाकाहारी माणसाला रश्शात काय आहे ते कळते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला दारात पायऱ्या किती आहेत ते दिसते.

दूर गेलेल्या मुलांची तर गोष्टच वेगळी. मुलगा बंगळूरला असो की न्यू जर्सीत, आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘जेवलास का?’’ पूर्वी ‘हो’ एवढेच उत्तर यायचे आणि त्या ‘हो’वर कुठल्याच आईचा विश्वास नसे. आता उत्तरादाखल पानाचाच फोटो येतो. माझ्या ओळखीतल्या एका बाई मुलाने पाठवलेला फोटो बोटांनी मोठा करून पाहतात आणि कळवतात, ‘‘भाजी कमी दिसतेय.’’ या फोटोला कुणी हौस म्हणू नये. ती खुशाली आहे.

आणि २०२० चा तो काळ विसरून कसे चालेल? मार्चच्या अखेरीस देशभर हॉटेले बंद झाली. किती जणांनी त्या दिवसांत मोबाइलमधले जुने फोटो काढून पाहिले असतील! बाहेर जेवणे म्हणजे केवळ पोट भरणे नव्हते, हे तेव्हा उमगले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीतल्या मालवीय नगरमधल्या ‘बाबा का ढाबा’ या छोट्या टपरीची चित्रफीत घरोघरी पोचली. गिऱ्हाईक नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलेले वृद्ध मालक त्यात दिसले आणि दुसऱ्याच दिवशी तिथे रांग लागली. ही दाखवण्याची ताकद. पण पुढचा भागही सांगितला पाहिजे. त्यांनी डिसेंबरमध्ये मोठे हॉटेल काढले, ते काही महिन्यांतच बंद करावे लागले आणि ते पुन्हा आपल्या जुन्या टपरीवर परतले. फोटो पाहून आलेले गिऱ्हाईक पहिल्यांदा येते ते पाहण्यासाठी. रोज जेवायला येणारा माणूस निराळा असतो.

फदफद्याची कैफियत

कॅमेऱ्याला स्वतःच्या आवडीनिवडी आहेत. त्याला रंग आवडतो, उंची आवडते, चकाकी आवडते. तळलेल्या मोदकाची पारी त्याला आवडते, सोलकढीचा गुलाबी रंग आवडतो, थालीपिठावर वितळणारे लोणी फार आवडते. पिठले त्याला आवडत नाही. वांग्याचे भरीत आवडत नाही. आणि अळूच्या फदफद्याचे काय सांगावे! नावातच ज्याने दिसण्याची सारी आशा सोडली आहे तो पदार्थ कॅमेऱ्यासमोर काय उभा राहणार? पण ज्याने लग्नाच्या पंगतीत गरम भाताबरोबर ते ओरपले आहे, त्याला त्याची योग्यता वेगळी सांगावी लागत नाही. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच-गुळाची गोडी, हे सगळे दिसण्याच्या पलीकडचे आहे.

गिऱ्हाईक फोटो पाहून येऊ लागले की हॉटेलवालाही फोटोत चांगले दिसेल तेच करू लागतो. यात त्याचा दोष नाही, धंदाच आहे. म्हणून मिसळीच्या ताटात वाट्यांची संख्या वाढली, मटकीची मात्र तेवढीच राहिली. जिथे तिथे किसलेले चीज आले. फरसाणाचा डोंगर उंच झाला. ‘बाहुबली थाळी’ अशा नावांची, चौघांनाही न संपणारी ताटे निघाली. २०२१ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या एका हॉटेलाने चारेक किलोची मांसाहारी थाळी तासाभरात संपवणाऱ्याला बुलेट मोटारसायकल देऊ केली होती. हॉटेलाची चर्चा झाली, गर्दीही झाली. थाळी इतकी मोठी झाली की ती मुळी खाण्यासाठी उरलीच नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, हे आपण ऐकले होते. आता ताटाचेही तसेच झाले.

जाहिरातीतले पदार्थ तर फार पूर्वीपासून दाखवण्यापुरतेच असतात. आईस्क्रीम दिव्याच्या उष्णतेने वितळते म्हणून त्याऐवजी कुस्करलेला बटाटा, दुधाऐवजी पांढरा डिंक, या छायाचित्रकारांच्या जुन्याच युक्त्या. जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती असायची, हे गिऱ्हाईक गृहीत धरते. शेजाऱ्यापाजाऱ्याने, मित्राने पाठवलेल्या फोटोवर मात्र आपण विश्वास ठेवतो. तो विश्वास हेच या देवघेवीचे खरे भांडवल आहे. चव बेताची असताना केवळ रंग चांगला आला म्हणून ‘अप्रतिम!’ असे लिहून फोटो पाठवणारा माणूस हॉटेलाचे नव्हे, आपल्या माणसांचे नुकसान करतो. त्याच्या शब्दावर एखादे कुटुंब महिन्यातून एकदा होणारा खर्च तिथे करणार असते.

डोळा, कान आणि आठवण

या सवयीचा आपल्या जिभेवर आणि आठवणीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास संशोधकांनी केला आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना साठ गोड पदार्थांची चित्रे दाखवली आणि काही जणांना साठ खारट पदार्थांची. नंतर सर्वांना खारे शेंगदाणे खायला दिले. खारट पदार्थांची चित्रे पाहून प्रत्येकाची रुची अजमावणाऱ्यांना शेंगदाणे कमी आवडले. जणू मनाने ते आधीच खाऊन झाले होते. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर मोबाइलवर तर्री पाहणाऱ्याला संध्याकाळी मिसळ ‘ठीक आहे’ का वाटते, याचे एक कारण यात असू शकेल.

त्याच वर्षी लिंडा हेंकेल यांचाही एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवले. ज्या वस्तूंचे त्यांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादाच बारकावा जवळून टिपला असेल, तर आठवण कमी झाली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. काम कॅमेऱ्यावर सोपवून मन मोकळे होते, दोष त्याचा आहे. बारकाईने पाहणाऱ्याची आठवण शाबूत राहते.

२०१७ मधल्या आणखी एका संशोधनात असे दिसले की, फोटो काढणाऱ्यांना डोळ्यांनी पाहिलेले अधिक आठवते, पण कानांनी ऐकलेले कमी. हे वाचून मी थबकलो. हॉटेलातल्या टेबलावर ऐकण्यासारखे काय असते? वडील खूप वर्षांनी एखादी जुनी गोष्ट सांगत असतात. बहीण नोकरी सोडण्याचा विचार पहिल्यांदा बोलून दाखवते. आई म्हणते, ‘‘आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा हॉटेलात गेलो ते इथेच जवळ.’’ ताट डोळ्यांसाठी असेल, पण एकत्र जेवणे हे बरेचसे कानांसाठी असते.

अकरा फोटो

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

पुण्यात शिकत असताना मी एका खानावळीचा मेंबर होतो. पेठेतल्या जुन्या वाड्यात, दोन खोल्यांत ती चाले. चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे काकू म्हणायचो. गल्ल्यावर काका बसत. महिन्याचे कार्ड, गावी गेलो तर खाडे वजा, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. काकूंच्या आमटीला एक विशिष्ट चव होती. मी ती पुढे कुठेच चाखली नाही. शिक्षण संपले, नोकरी लागली, संसार झाला. तरी पुण्यात असलो की महिन्या-दोन महिन्यांतून मी तिथे जेवायला जात असे.

मोबाइल आल्यावर मी काकूंच्या ताटाचे फोटो काढू लागलो आणि खवय्यांच्या एका मोठ्या गटात टाकू लागलो. ‘शंभर टक्के घरगुती’, ‘पुण्यातला लपलेला खजिना’ असे काहीबाही लिहिले. पत्ताही दिला. कौतुकाचा पाऊस पडला. माझीही मान ताठ झाली, जणू आमटी मीच केली होती.

दीड-दोन महिन्यांनी गेलो तर जिन्यापर्यंत रांग. मोटारी लावायला जागा नाही म्हणून वाड्यातले लोक चिडलेले. आत काकूंच्या तोंडावर घाम. रोजचे मेंबर, म्हणजे स्पर्धापरीक्षेची मुले आणि दोन-तीन एकटे राहणारे वृद्ध, ताट हातात घेऊन जागेची वाट पाहत होते. बाहेरून आलेल्यांतल्या कुणीतरी पुढे लिहिले, ‘जागा कोंदट, काकू तिरसट, आमटी साधीच.’ साधीच होती ती! रोज जेवायची आमटी साधीच असते. काही दिवसांनी काकांनी दारावर खडूने लिहिलेली पाटी लावली, ‘फक्त मेंबरांसाठी.’ मला पाहून काकू एवढेच म्हणाल्या, ‘‘तू चांगल्यासाठीच केलंस रे. पण विचारायचं होतंस.’’

काका गेले. मग करोना आला, मुले गावी परतली आणि खानावळ बंद झाली ती कायमची. दोन वर्षांपूर्वी काकूही गेल्या. त्यांच्या मुलीने मला शोधून फोन केला. म्हणाल्या, ‘‘दादा, तुम्ही खानावळीत खूप फोटो काढायचात. आईचा एखादा असेल का? ती स्वयंपाकघरात असायची ना, तिचा कामातला फोटोच नाही आमच्याकडे.’’

मी सगळे शोधून काढले. अकरा फोटो होते. अकराही ताटांचे. भाकरीचा पापुद्रा दिसतो, ठेच्यातला लसूण दिसतो, ताकावरची कोथिंबीर मोजता येईल इतकी स्वच्छ दिसते. भिंतीवरचा दरपत्रकाचा फळा नाही, गल्ला नाही, काका नाहीत. चौकट सुबक यावी म्हणून मी ते सारे कापून टाकले होते. एका फोटोत, वरच्या कडेला, आमटीची पळी धरलेला एक हात तेवढा आला आहे. हिरव्या बांगड्या, बोटांना हळद लागलेली. तेवढाच मी पाठवला. त्यांचे उत्तर आले, ‘‘हा आईचाच हात.’’

पाठवण्यापूर्वी

यावर फोटो बंद करा, असे मी म्हणणार नाही. तसे काहींनी केले आहे. न्यूयॉर्कमधल्या ‘मोमोफुकू को’ या हॉटेलात २००८ मध्येच फोटो काढायला मनाई झाली होती. २०१४ मध्ये अलेक्झांडर गोतिए या फ्रेंच शेफने आपल्या मेनूकार्डावर फुली मारलेला कॅमेरा छापला. त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे नाही. पण मनाई हॉटेलवाल्याने करण्याची गोष्ट आहे; शिष्टाचार आपल्याकडचा आहे. आणि तो आपल्याला नवा शिकायचाही नाही. वाटी पाठवण्याची रीत आपल्याला ठाऊकच आहे.

वाटी रिकामी पाठवू नये. फोटोबरोबर पदार्थाचे नाव असावे, किंमत असावी, महिना-वर्ष असावे, म्हणजे पाच वर्षांनी पाहणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल. काय चांगले होते ते लिहावे, आणि काय बेताचे होते तेही सौम्य शब्दांत लिहावे. जागा लहान असेल, माणसे दोनच असतील, तर गावभर दवंडी पिटण्याआधी मालकाला विचारावे. शेजारच्या टेबलावरची माणसे फोटोत येऊ देऊ नयेत. रांधणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचा चेहरा आणि नाव मात्र जरूर यावे. आणि टेबलावर कुणी वृद्ध, आजारी किंवा लहान मूल असेल तर पहिला घास त्यांचा, फोटो नंतर. उष्ट्या ताटाचा फोटो काढू नये, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? अर्धवट संपलेले ताट हे तर स्वयंपाक जमल्याचे प्रशस्तिपत्र.

परवा भाच्याला ही काकूंची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. गेल्या रविवारी आम्ही तिघे, आई, तो आणि मी, कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. ताटे आली. त्याने खिशात हात घातला, आईकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘आजी, तू सुरू कर.’’ आईने भात कालवला. तो दोन घास जेवला, मग उठून उभा राहिला आणि त्याने एकच फोटो काढला. मी डोकावून पाहिले. ताट अर्धे दिसत होते, औषधाची डबी होती, मागे फळ्यावरचे दर होते, वाढणारा मुलगा होता आणि मधोमध आई, घास तोंडाशी नेताना.

‘‘कुठं पाठवणार?’’ मी विचारले.

‘‘कुठं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘ठेवतो.’’

मग तो जेवायला बसला. आमटी अजून गरम होती.